इंजिननं हवा धरली!

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा तेलकट आहे. डीबगिंगवर आपण सगळेच रोज तावातावानं बोलतो. पण आमच्या धाराशिव जिल्ह्यात (2023 पर्यंत कागदोपत्री उस्मानाबाद) लॉग फाइल नाही, ब्रेकपॉइंट नाही, गूगल तर नाहीच नाही, अशा परिस्थितीत डीबगिंग करणारी एक अख्खी पिढी होऊन गेली. त्यांचा सर्व्हर म्हणजे विहिरीवरचं ऑइल इंजिन, आणि सगळ्यात जास्त वेळा येणारा बग एकच: इंजिननं हवा धरली.

हवा धरली म्हणजे काय, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

रुडॉल्फ डिझेलला जर्मनीत पेटंट मिळालं ते 1893 साली. कल्पना अशी, की सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी, आणि मग त्यात इंधन सोडायचं. ते आपोआप पेटतं, ठिणगीची गरज नाही. 1897 मध्ये आउग्सबुर्गच्या कारखान्यात त्याचं इंजिन नीट चाललं आणि इंधनातल्या उर्जेपैकी साधारण 26 टक्के उर्जा कामी आली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना हा आकडा स्वप्नातसुद्धा दिसत नव्हता.

पण मेख वेगळीच होती. आत आधीच प्रचंड दाब असताना इंधनाचे चार थेंब नेमक्या क्षणी आत ढकलायचे कसे? डिझेलनं त्यासाठी दाबलेल्या हवेचा झोत वापरला. म्हणजे इंजिनासोबत एक कॉम्प्रेसर आला, वजन आलं, खर्च आला. असलं धूड कारखान्यात किंवा जहाजात ठीक, शेतात कोण नेणार? हे कोडं व्यापारी पातळीवर सुटलं ते 1927 मध्ये. जर्मनीतल्याच बॉश कंपनीनं इंधनाचा छोटा पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला. या पंपात एक बारीक दट्ट्या असतो. दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यात फट असते दोन-तीन मायक्रॉनची. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा.

थोडक्यात काय, डिझेल इंजिन लहान झालं, शेतकऱ्याच्या आवाक्यात आलं ते या पंपामुळे. आणि त्याची सगळी नाटकंही याच पंपामुळे. इतक्या बारीक फटीला कचरा चालत नाही, पाणी चालत नाही, आणि हवा तर अजिबात चालत नाही.

इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीची मंदगती इंजिनं जगभर गेली, त्यांच्या नकला पुढे राजकोटला वर्षानुवर्षं बनत राहिल्या. पुण्यात खडकीला 1946 मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला, 1956 ला मुंबई राज्यात आला. या सगळ्या उलाढालीत विहिरीवर मात्र बैलांची मोटच चालू होती. दिवसभर बैल धावेवरून खालीवर करायचे, नाडा करकरायचा, तेव्हा कुठे थोडं रान भिजायचं. वीज गावागावात, शेताशेतात पोचायला पुढे बरीच वर्षं लागली. मधला हा मोठा काळ पाच हॉर्सपॉवरच्या इंजिनानं सांभाळला.

आता त्या बगकडे येऊ. डिझेल दाबलं तर जवळजवळ दबत नाही, म्हणून पंपाचा धक्का थेट नोझलपर्यंत पोचतो. नोझल उघडायला साधारण 200 बार, म्हणजे वातावरणाच्या 200 पट दाब लागतो. नळीत हवेचा एक बुडबुडा असला, की दट्ट्या त्या बुडबुड्यालाच दाबत बसतो. बुडबुडा आकसतो, पुन्हा फुगतो, नोझल काही उघडत नाही. तुम्ही हँडल मारून मारून घामाघूम, आणि इंजिन ढिम्म!

यावरचा जुन्या माणसांचा अल्गोरिदम बघा. हँडल मारताना धुरांड्याकडे बघायचं. धूर अजिबात नाही, तर इंधनच पोचत नाही. पांढरा धूर, म्हणजे पोचतंय पण पेटत नाही: इंजिन गार असेल, टायमिंग चुकलं असेल किंवा कॉम्प्रेशन गेलं असेल. काळा धूर, म्हणजे इंधन जास्त आणि हवा कमी: एअर फिल्टर बघा, नाहीतर नोझल. एका नजरेत प्रॉब्लेमचे तीन भाग झाले.

धूर नसेल तर टाकीपासून सुरुवात, आणि उडी मारायची नाही. आधी टाकीत डिझेल आहे का (हसू नका, आपण नाही का राउटर चालू आहे का ते शेवटी बघत!). मग चकली. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, फेस येतो, बुडबुडे येतात, ते थांबून सलग धार लागली की स्क्रू आवळायचा. मग पंपावरचा स्क्रू, तीच गोष्ट. शेवटी नोझलजवळचा नट सैल करून हँडल मारायचं, चिरिक करून डिझेल उडालं की नट बंद. आता पुन्हा हँडल मारलं की नोझलमधून कर्र कर्र आवाज येतो. तो कानाला ऐकू आला, की हवा निघाली.

इंजिन चालू होतं आणि दहा मिनिटांनी बंद पडतं? टाकीच्या झाकणाचं बारीक भोक बुजलेलं असतं. डिझेल खाली जातं पण वरून हवा आत येत नाही, आतमध्ये पोकळी तयार होते आणि धार थांबते. झाकण सैल करून बघायचं, इंजिन चाललं तर चोर सापडला. गंमत म्हणजे होडीच्या मागे लावायच्या मोटरींमध्येही हाच चोर असतो. अमेरिकेत ओले एव्हिन्रूडनं 1909 पासून त्या विकायला सुरुवात केली. तिथे पेट्रोल आणि कार्ब्युरेटर, इथे डिझेल आणि पंप, पण आजही मोटर बंद पडली की टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना, हे आधी बघतात.

पाण्याची गोष्ट निराळी. अर्ध्या भरलेल्या पिंपात रात्रीच्या गारव्यानं दव धरतं, पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. म्हणून पिंप हलवून लगेच टाकीत ओतायचं नाही, आणि फडक्यातून गाळल्याशिवाय तर नाहीच. डिझेलमध्ये रेशनचं निळं रॉकेल मिसळलेलं असलं, तर इंजिन चालायचं, पण रॉकेलला वंगणाचा गुण कमी. त्या दोन-तीन मायक्रॉनच्या फटीची हळूहळू वाट लागायची. बग आज टाकला, क्रॅश पुढच्या वर्षी!

हे सगळं लोकांनी कुठल्या कॉलेजात न जाता आत्मसात केलं. कारण इंधनाचा रस्ता उघडा होता. हात लावता येत होता, डोळ्यांनी दिसत होता.

पण इंजिनाला दुसरं टोकही होतं, पाण्याचं. तिथेही दुखणं हवेचंच. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, खरं तर बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो. समुद्रसपाटीला ही मर्यादा सुमारे 10.3 मीटर. आमचा भाग साधारण 650 मीटर उंच, म्हणजे साडेनऊ मीटर, आणि प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या वर भरवसा नाही. फुटव्हॉल्व्ह (आमच्याकडे सर्रास फुटबॉल म्हणतात) गळला तर बदलता येतो. पाणीच त्याखाली गेलं तर?

1972 चा दुष्काळ मराठवाड्यानं भोगला. पुढच्या दशकांत बोअर आले, पाण्यात बुडवायच्या विजेच्या मोटरी आल्या, आणि पाणी आणखी खाली गेलं. लोकांनी पाण्यामागे इंजिनही खाली नेलं, विहिरीच्या आत टप्पा काढून त्यावर बसवलं. इथे मात्र खेळ जिवाशी होता. धूर विहिरीतच कोंडतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि आत उतरलेला माणूस आवाज द्यायच्या आधी कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही. अशा बातम्या आजही येतात.

म्हणून माझं मत असं, की आमच्याकडची इंजिनं निव्वळ इंधनाच्या कटकटीमुळे गेली नाहीत. ती कटकट गावानं पान्यानं सोडवली होती. विजेची मोटर स्वस्तात चालते हे खरंच, पण पाणी साडेनऊ मीटरच्या खाली गेलं तिथे वरच्या इंजिनाचा कारभार संपला, आणि त्यावर कुठलाही स्क्रू सैल करून उपाय नव्हता. आता सौर पंप येताहेत. ते बोअरमधूनही उपसतात, धूर नाही, हवा काढायची भानगड नाही, आणि डिझेलचा खर्च नाही म्हणून थांबायचं कारणही नाही. डिझेलची टाकी संपली की उपसा थांबायचा, तेवढं तरी बंधन होतं.

असो. गावाकडे गोठ्यात एखादं इंजिन पडलेलं असेल, तर या सुट्टीत घरातल्या जुन्या माणसाकडून हवा काढायला शिकून घ्या. मात्र धुराची दिशा बघून, मोकळ्यावर. विहिरीत उतरवून अजिबात नाही.