निराधार वृद्धांचा आसरा

धर्मग्रामाच्या या महोत्सवी अंकांत आमच्या मंदिराच्या पायाचा, घंटेचा व वेदीचा इतिहास वाचकांस अन्यत्र मिळेलच. आम्ही येथें निराळ्याच एका वास्तूचा इतिहास सांगूं इच्छितों. ती वास्तु म्हणजे वृद्धाश्रम. हा शब्द ऐकतांच आमच्या लोकांच्या कपाळास आठी पडते. आईबापांचा मान राखण्याची चौथी आज्ञा ज्यांना पाठ आहे, त्यांस जन्मदात्यांना परक्या हातीं सोपविणें पाप वाटावें, यांत नवल नाहीं. आम्हीही एके काळीं व्यासपीठावरून तसेंच बजावीत होतों.

ही संस्था केवळ अर्वाचीन आहे, हा समज खरा नव्हे. इ. स. ३७० च्या सुमारास संत बाझिल यांनीं कैसरिया नगराबाहेर रोगी, वाटसरू व दरिद्री यांच्यासाठीं गृहें उभारलीं. सहाव्या शतकांत सम्राट जस्टिनियन याच्या कायद्यांत तर वृद्धगृहांचा स्वतंत्र उल्लेख आढळतो.

परंतु ज्या इतिहासानें आमचे डोळे उघडले, तो फ्रान्समधील ब्रिटनी प्रांताचा होय. जान जुगां हिचा जन्म १७९२ सालीं कांकाल या बंदरगांवीं एका कोळ्याच्या घरीं झाला. ती लहान असतांनाच बाप समुद्रांत नाहींसा झाला. पुढें तिनें लोकांच्या घरीं चाकरी केली. १८३९ च्या हिवाळ्यांत, वयाच्या ४७ व्या वर्षीं, सें-सर्व्हां येथें तिनें एका आंधळ्या व अर्धांगानें लुळ्या पडलेल्या विधवेस आपल्या बिऱ्हाडीं आणिलें आणि स्वतःचा बिछाना तिला दिला. मग दुसरी आली, तिसरी आली. १८४१ सालीं बारा जणींसाठीं मोठी जागा भाड्यानें घ्यावी लागली. यांपैकीं कित्येक पूर्वीं दारोदार भीक मागत. जाननें त्यांस घरीं बसविलें व टोपली आपल्या हातीं घेऊन त्यांच्या बदली ती स्वतः दात्यांच्या दारीं जाऊं लागली. ज्यांचे हात चालत, त्या सूत कातीत. याप्रमाणें त्यांची लाजही राखली गेली आणि हातांस कामही राहिलें.

१८४५ सालीं फ्रेंच अकादमीनें तिला पारितोषिक दिलें. पण त्यापूर्वींच, १८४३ मध्यें, भगिनींनीं केलेली तिची फेरनिवड रद्द होऊन तिला प्रमुखपदावरून दूर सारण्यांत आलें होतें. १८५२ नंतरचीं सत्तावीस वर्षें तिनें मठांत मुकाट्यानें काढलीं. २९ ऑगस्ट १८७९ रोजीं ती वारली, तेव्हां संस्थेंत सुमारें २४०० भगिनी होत्या. त्यांतील अनेक तरुण भगिनींस ही आपली संस्थापिका, हें ठाऊकही नव्हतें! २००९ सालीं पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीं तिला संतपद दिलें. तिच्या भगिनी १८८२ सालीं कलकत्त्यास व १९०० सालीं बंगळुरास आल्या.

आतां आमच्याविषयीं. आमच्या धर्मग्रामांत साठी गांठलेली एक लेक आपल्या अंथरुणास खिळलेल्या आईस दिवसांतून अनेकदां उचलून बसवी. एके दिवशीं दोघी पडल्या. ‘फादर, आईला आश्रमांत ठेवलें तर मला कुमारी मरिया क्षमा करील का?’ असें तिनें विचारलें, तेव्हां आमचें जुनें प्रवचन आम्हांस आठवलें व मान खालीं गेली. प्रभु येशूनें ज्यांची कानउघाडणी केली, ते ‘हें देवाला अर्पण’ असें म्हणून आईबापांचा घांस अडविणारे होते. ही लेक त्यांतली नव्हती.

आपल्या देशाच्या २००७ सालच्या कायद्यानेंही दोन्ही बाजू जाणल्या आहेत. आईबापांचा सांभाळ मुलांवर बंधनकारक केला आहे. तसेंच प्रत्येक जिल्ह्यांत किमान १५० निराधार वृद्धांची सोय असलेलें गृह असावें, असेंही त्यांत म्हटलें आहे.

तात्पर्य, ज्याची शक्ति सरली त्यानें आश्रमाचें दार ठोठावण्यांत पाप नाहीं. मात्र एकदां दार लागल्यावर तिकडे पाऊल न वळविणें, हें पाप आहे. ती लेक आतां दर रविवारीं मिस्सा आटोपून आश्रमांत जाते आणि आईचे केस विंचरते. मुलें परगांवीं गेलेल्या वृद्धांकडे मात्र कोणी जात नाहीं. महोत्सवाचे दिवे मालवल्यावर आपणांपैकीं कांहीं जणांनीं तिच्यासोबत जावें, ही आमची कळकळीची विनंती.