पौर्णिमेला दिवा कशाला?

मालवण-देवगडच्या पट्ट्यात देवळापुढची उंच दीपमाळ पाहिली की पाहुण्याला हटकून वाटते, हा गलबतांना वाट दाखवणारा मनोरा असणार. समज पक्का व्हायला कारणेही आहेत. मराठीत देवळापुढच्या दिव्यांच्या खांबालाही दीपस्तंभ म्हणतात आणि वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवर उभ्या असलेल्या बत्तीलाही. त्यात कुणकेश्वराची आख्यायिका: वादळात सापडलेल्या परदेशी व्यापाऱ्याला किनाऱ्यावर दिवा मिणमिणताना दिसला, त्याने नवस बोलला, तो तरला आणि त्याने देऊळ बांधले. पण आख्यायिकेतही दिवा आधी आणि देऊळ नंतर. दीपमाळेचा पत्ता नाही. त्याहून बळकट पुरावा पंचांगात आहे. दीपमाळ उजळायची ठरलेली रात्र म्हणजे कार्तिकातली त्रिपुरारी पौर्णिमा. होड्या तर नारळी पौर्णिमेपासूनच दर्यावर जातात. आणि चांदण्यात किनारा लख्ख दिसतो त्या रात्री खलाशाला दिव्याची गरज सर्वांत कमी. वाट दाखवायची असती, तर दिवे अमावास्येला लागले असते. शिवाय जेजुरीच्या गडावरच्या दीपमाळा कुठल्या गलबतांसाठी?

मनोरा दिसला की त्याला भलतेच काम चिकटवायची खोड आपलीच नव्हे. स्कॉटलंडमध्ये ब्रेकिन आणि अ‍ॅबरनेथी इथे साधारण अकराव्या शतकातले दोन गोल दगडी मनोरे आहेत. त्यांचे दार जमिनीपासून उंचावर, म्हणून ते लपायला बांधले असावेत असा तर्क झाला. आयर्लंडमध्ये तसे मनोरे कितीतरी; त्यांच्यावरचा वाद शतकभर चालला आणि 1845 मध्ये जॉर्ज पेट्री यांनी ते ख्रिस्ती मठांचे आहेत हे पुराव्यांनिशी मांडले. त्या पुराव्यांत एक नावाचा होता: जुन्या आयरिश शब्दाचा अर्थच ‘घंटाघर’. आपल्याकडेही शब्दाला विचारावे. ‘दीपमाळ’ या नावात ना खांब आहे, ना उंची. आहे ती दिव्यांची ओळ. हा अर्थ इतका रुजला की देठावर टप्प्याटप्प्याने केशरी फुलांचे गोंडे धरणाऱ्या एका रानझाडालाही लोकांनी दीपमाळच म्हटले.

दीपमाळेबद्दलचा दुसरा समज अधिक वजनदार आहे. गोव्यातल्या मंगेशी किंवा कवळ्याच्या शांतादुर्गेचे मजलेदार दीपस्तंभ पाहणारा म्हणेल, ही चर्चच्या मनोऱ्याची नक्कल. सोळाव्या शतकात देव पोर्तुगीज मुलखातून फोंड्याकडे हलवले गेले आणि तिथली देवळे पुढे बांधली, वाढवली गेली, तेव्हा गवंड्यांच्या डोळ्यांसमोर चर्च होतीच. कमानी, कठडे, मजल्यांची रचना यांत ती उसनवारी दिसते आणि ती नाकारायचे कारण नाही. पण उसने घेतले ते अंगावरचे कपडे. चर्चचा मनोरा पोकळ असतो, कारण त्यात घंटा टांगायची असते; साधी दीपमाळ भरीव, तिला दिवे बाहेरून लागतात. देशावर काळ्या दगडाची दीपमाळ वर निमुळती होत जाते आणि दिव्यांसाठी तिच्या अंगातून दगडी हात बाहेर येतात. ती चर्चकडे पाहून घडलेली नाही. देवापुढे सुटा खांब उभारायची रीत तर वेरूळच्या कैलासात, आठव्या शतकातच दिसते. मालवण-देवगडचा सिंधुदुर्ग जिल्हा गोव्याच्या आणि देशावरच्या या दोन घराण्यांच्या शिवेवर आहे. इथला जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ. त्यातून लांब, नाजूक हात काढणे कठीण. म्हणून चुन्याचा गिलावा, जाड अंग आणि आखूड टप्पे किंवा कोनाडे या दगडाला अधिक मानवतात.

मग एका रात्रीसाठी एवढे बांधकाम का? दीपमाळ अनेकदा एकाच्या नवसाची असते हे खरे. पण ती उभी राहते ग्रामदेवतेच्या अंगणात, आणि या जिल्ह्यात ते अंगण गावाचे असते. गाऱ्हाणे तिथे घातले जाते, कौल तिथे मिळतो, बारा-पाच मानकऱ्यांचा मान तिथे ठरतो. आचऱ्यात रामेश्वराच्या कौलाने गावपळण ठरते आणि अख्खा गाव गुराढोरांसह तीन दिवस वेशीबाहेर राहतो. गावाला असे एकदम हलवणाऱ्या देवापुढे एकट्याचा नवसही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फेडावा लागतो. त्या दृष्टीने पौर्णिमा बरोबरच आहे: कार्तिकात भात झोडून होत येते, जत्रांचा हंगाम उघडतो, आणि वाड्यावाड्यांतून पायवाटेने येणाऱ्यांना चांदणे सोबत करते. वाट चंद्रच दाखवतो. दीपमाळेला फक्त पोचलेल्यांपुरते उजळायचे असते.