बालप्रेक्षक, कुटुंब आणि शासन : ब्रिटनमधील एका रिकाम्या तासाचा इतिहास

मुलांनी दूरचित्रवाणी केव्हा व किती पाहावी हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न युद्धोत्तर ब्रिटनमध्ये शासनव्यवहाराचा विषय झाला होता. तेथे सायंकाळी 6 ते 7 हा तास प्रक्षेपणाविना ठेवण्याचा नियम होता. मुलांचे कार्यक्रम संपताच पडदा कोरा व्हावा आणि लहानांना निजविण्यास आईबापांना अवसर मिळावा, हा त्यामागील हेतू होय. ‘टॉडलर्स ट्रूस’, म्हणजे बाळगोपाळांचा तह, या नावाने हा नियम ओळखला जाई.

हा तह मोडला तो मुख्यतः अर्थकारणामुळे. 22 सप्टेंबर 1955 रोजी जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारी स्वतंत्र दूरचित्रवाणी सुरू झाली. परवानाशुल्कावर चालणाऱ्या बी.बी.सी.ला रिकामा तास म्हणजे खर्चाची बचत होती. नव्या कंपन्यांना मात्र ते बुडीत उत्पन्न होते. पोस्टमास्टर जनरल चार्ल्स हिल हे स्वतः वैद्य. मुलांना वेळेवर निजविणे हे आईबापांचे कर्तव्य आहे, शासनाचे नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. 16 फेब्रुवारी 1957 रोजी हा तास प्रक्षेपणास खुला झाला.

आईबाप ते कर्तव्य कसे बजावीत होते, यावर पुढील वर्षीच प्रकाश पडला. नफील्ड प्रतिष्ठानच्या साहाय्याने हिल्डे हिमलवाइट, ऑपनहाइम व व्हिन्स यांनी केलेली पाहणी 1958 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. 10-11 आणि 13-14 वर्षे वयाची मुले तिच्या कक्षेत होती. नॉर्विच येथे तर दूरचित्रवाणी येण्यापूर्वी व आल्यानंतर अशा दोन्ही वेळी मुलांची पाहणी झाली. मोठ्यांसाठी योजलेले कार्यक्रम मुलांना विशेष प्रिय असल्याचे तीत आढळले. मुलांच्या सवयी आईबापांच्या सवयींशी मिळत्याजुळत्या असून, निर्बंधापेक्षा घरातील उदाहरण अधिक प्रभावी ठरते, असाही तिचा निष्कर्ष होता. अर्थात मुलाची बुद्धिमत्ता व त्याचे इतर छंद यांचाही वाटा तीत दुर्लक्षिला गेला नाही.

येथे दोन्ही पक्षांच्या गृहीतकातील उणीव दिसते. नियमाचे समर्थक काय किंवा हिल काय, दोघांनीही आईबापांना आज्ञा देणारे मानले. पाहणीत ते प्रथम प्रेक्षक म्हणून प्रकट झाले. घरात संच बहुधा एकच असे आणि तो कोरा झाला, की मोठ्यांचेही पाहणे थांबे. जुन्या नियमाचे सामर्थ्य त्यामुळे मुलांवरील बंधनात नव्हते, तर संपूर्ण कुटुंबावरील बंधनात होते, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. 1957 साली शासनाने कुटुंबाकडे सोपविली ती केवळ मुलांची नव्हे, आईबापांच्या स्वतःच्या संयमाचीही जबाबदारी होती.