बिघडलेला मायक्रोवेव्ह: दुरुस्ती की नवा?

मायक्रोवेव्हचा दिवा लागतो, थाळी फिरते, पण अन्न थंडच राहते. अशा वेळी बहुतेक घरांत पहिला विचार येतो तो नवा घेण्याचा. मात्र या निर्णयाचे धागे यंत्राच्या ऐंशी वर्षांच्या इतिहासात गुंतलेले आहेत.

सूक्ष्मतरंगांशी भारताचे नाते त्याहूनही जुने आहे. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात अशा तरंगांच्या साहाय्याने दूरवरची घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. पुढे १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडॉल आणि बूट यांनी पोकळी-मॅग्नेट्रॉन घडवला आणि युद्धकाळातील रडारला समर्थ स्रोत मिळाला. अमेरिकेत रेथिऑन कंपनीतील पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातील चॉकलेट मॅग्नेट्रॉनजवळ वितळले, ही कथा प्रसिद्धच आहे. १९४५ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला.

१९४७ चा पहिला ‘रडारेंज’ माणसाएवढा उंच, सुमारे ३४० किलो वजनाचा आणि पाण्याने थंड ठेवावा लागणारा होता. हजारो डॉलर किमतीचे असे यंत्र बिघडले म्हणून कोणी टाकून देत नसे. १९६७ मध्ये ४९५ डॉलरचा, ओट्यावर मावणारा ओव्हन आला आणि किमती पुढेही उतरत गेल्या. दुरुस्तीची मजुरी मात्र त्या प्रमाणात उतरली नाही. ‘नवाच घेऊ’ या सवयीचे मूळ या तफावतीत आहे.

यंत्राचा गाभा फारसा बदललेला नाही. पारंपरिक रचनेत ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर आणि डायोड मिळून सुमारे ४,००० व्होल्टचा दाब निर्माण करतात. त्यावर मॅग्नेट्रॉन २,४५० मेगाहर्ट्झचे तरंग सोडतो. फ्यूज, दाराचे स्विच, डायोड किंवा आतील अभ्रकाचा पत्रा खराब झाला असेल, तर दुरुस्ती सहसा परवडते. मॅग्नेट्रॉन किंवा नियंत्रण पटल गेले, तर खर्च नव्या ओव्हनच्या किमतीशी ताडून पाहावा लागतो. आतील पोकळी गंजून भोक पडले असेल, किंवा दार वाकून नीट बसत नसेल, तर मोह आवरून यंत्र निवृत्त करणेच शहाणपणाचे.

दाराबाबतची ही कठोरता सकारण आहे. अमेरिकेत १९७१ पासून लागू झालेल्या मानकानुसार, ओव्हनपासून ५ सेंटिमीटर अंतरावरील गळती विक्रीपूर्वी प्रति चौरस सेंटिमीटर १ मिलिवॅट आणि पुढील संपूर्ण आयुष्यात ५ मिलिवॅटच्या आत असावी लागते. यंत्र जुने होणार, त्याचे दार सैल होणार, हे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरले होते. दुरुस्तीनंतरही ही मर्यादा सुटता कामा नये. शिवाय प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये प्राणघातक विद्युतभार उरू शकतो. म्हणून हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचेच.

भारतात हा प्रश्न आता धोरणाचाही झाला आहे. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले. शेती अवजारे, मोबाइल, वाहने आणि घरगुती टिकाऊ उपकरणे ही त्याची चार क्षेत्रे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत मायक्रोवेव्हही आहे. त्याच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकावर येते.

तरीही तांबे आणि पोलाद वितळवून परत मिळवण्यापेक्षा चालू शकणारे यंत्र चालू ठेवणे केव्हाही कमी खर्चिक. त्यासाठी सुटे भाग मिळायला हवेत, माहितीपत्रके खुली हवीत आणि गल्लीतल्या तंत्रज्ञाला प्रशिक्षण हवे. ही साखळी तुटली, तर दहा रुपयांच्या फ्यूजपायी अख्खा ओव्हन भंगारात जातो.