पावसातलं माथेरान आणि आमचा भोईवाडा

भोईवाड्यात राहतो असं सांगितलं की समोरच्याला आधी कोर्ट आठवतं. ‘कसली केस चालू आहे?’ हा विनोद मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण परळ-नायगावच्या कडेला असलेल्या या वस्तीच्या नावात भोई आहेत, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. भोई म्हणजे पालखी वाहणारा, मेणा वाहणारा. जाळं टाकून मासे धरणारा भोईही असतोच. आमच्या वस्तीत आता पालखी निघते ती फक्त देवाची. माणसाला खांद्यावर घेऊन चालणारा माणूस मी आमच्या गल्लीत कधी पाहिला नाही. तो पाहायला मला माथेरानला जावं लागलं, आणि तेही भर पावसात.

२०२५च्या जुलै महिन्यातली गोष्ट. ‘पावसात कोण जातं माथेरानला?’ असं घरात सगळ्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी छोटी गाडी बंद असते. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत ती फक्त अमन लॉज ते माथेरान एवढ्याच तुकड्यावर धावते. निम्मी हॉटेलं कुलूपबंद. घरांच्या पडव्यांना निळं प्लास्टिक बांधलेलं. बरेच घोडेवाले घोडे घेऊन खाली उतरलेले. पण मला माथेरानचा पाऊसच पाहायचा होता. का, ते पुढे सांगतो.

नेरळहून टॅक्सीनं दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो. त्याच्या पुढे मोटारगाडी नेता येत नाही. हा नियम जुना आहे, आणि २००३ साली केंद्र सरकारनं माथेरानचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केल्यावर तो आणखी घट्ट झाला. तिथून पायी. लाल मातीचा चिखल, दोन्ही बाजूंना जांभळं, हिरडे, अंजन. खोडांवर हिरवं शेवाळ इतकं जाड की झाडानं शाल पांघरल्यासारखी वाटावी. पाऊस वरून पडत नव्हता, तो झाडांमधून चालत येत होता. दहा पावलांपुढचं दिसेना. मग त्या धुक्यातून आधी घंटीचा आवाज आला आणि पाठोपाठ हातरिक्षा. पुढे एक माणूस दांडी धरून ओढतोय, मागे दोघं ढकलताहेत. डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी, पाय अनवाणी. आत एक वयस्क बाई मांडीवर पिशवी घट्ट धरून बसलेल्या. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसानं त्या चढावर करायचं काय?

माथेरानचा इतिहास पुस्तकात सुरू होतो तो १८५० साली. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट मे महिन्यात पायथ्याच्या चौक गावी मुक्कामाला होता. वरची झाडी पाहून तो गावातला वाटाड्या घेऊन डोंगर चढला आणि हवा आवडली म्हणून पुन्हा आला, घर बांधलं. याला माथेरानचा ‘शोध’ म्हणतात. त्या रानात धनगर, ठाकूर, कातकरी आधीपासून होते आणि कलेक्टरला वाट दाखवणारा माणूस ती वाट रोज तुडवत होता. पण शोध लागला तो साहेबाला. माथ्यावरचं रान ते माथेरान, हे सोपं मराठी नावही साहेबाच्या आधीचंच. नंतरची नावं मात्र त्यांची: लुईझा पॉइंट, हार्ट पॉइंट, शार्लोट लेक.

पुढचा माणूस आमच्या परळचा. म्हणजे लॉर्ड एल्फिन्स्टन. १८५३ ते १८६० या काळात तो मुंबईचा गव्हर्नर होता आणि गव्हर्नरचा बंगला तेव्हा परळला होता. १८९९ पासून त्याच वास्तूत प्लेगचं संशोधन सुरू झालं, ती आजची हाफकिन संस्था. आमच्या घरापासून चालत गेलं तर एका विडीचं अंतर. याच एल्फिन्स्टननं माथेरानला थंड हवेचं ठिकाण म्हणून आकार दिला, तिथे स्वतःसाठी बंगलाही उभारला. त्याच्या नावाचं आमचं एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८ साली प्रभादेवी झालं. आगगाडी १८५६च्या सुमारास नेरळ ओलांडून खोपोलीकडे गेली. मग साहेब मंडळी नेरळला उतरत आणि तिथून तट्टावर किंवा पालखीत बसून वर जात. अडीच हजार फुटांचा चढ. पालखीतल्या माणसाचं नाव दप्तरात सापडतं, दांडीखालच्याचं नाही. मी भोईवाड्यातला म्हणून मला हे जास्त टोचतं असेल.

ती छोटी गाडी कुणी बांधली, हे आमच्या अब्बांनी मला पहिल्यांदा सांगितलं. सर आदमजी पीरभॉय. मूळचे काठियावाडच्या धोराजीचे, दाऊदी बोहरा. गरिबीतून वर आले, लष्कराला तंबू आणि बूट पुरवून श्रीमंत झाले, धारावीला त्यांचा चामड्याचा मोठा कारखाना होता. गोष्ट अशी सांगतात की ते एकदा नेरळला उतरले, वर जायला वाहन मिळेना, आणि परत जाताना मनाशी म्हणाले की इथे आता आगगाडीच आणतो. गोष्ट कशीही असो, गाडी आली. १९०४ साली काम सुरू झालं आणि १९०७ साली सुमारे वीस किलोमीटरचा, दोन फूट रुंदीचा लोहमार्ग पुरा झाला. काम उभं केलं त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन यानं. अब्बा हे सांगताना ‘आपल्या माणसाची गाडी’ म्हणत. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, ‘अब्बा, ते बोहरी शेठ, आपण साताऱ्याकडचे, गिरणीत साचे चालवणारे. आपला माणूस कसा?’ ते म्हणाले, ‘गाडीनं किती लोकांचे खांदे वाचवले, ते बघ.’ आमच्या घरात बोलायची भाषा दखनी आणि भांडायची मराठी. हे वाक्य मराठीत आलं होतं.

त्या गाडीलाही पावसानं सोडलं नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हिंदमाता बुडालं, आणि मी छातीभर पाण्यातून घरी आलो. त्याच पावसानं डोंगरातला लोहमार्ग ठिकठिकाणी वाहून नेला. गाडी सुरू व्हायला २००७ साल उजाडलं. पुढे २०१९च्या पावसानंही तेच केलं आणि पूर्ण मार्ग २०२२च्या ऑक्टोबरात पुन्हा खुला झाला.

आता मी पाऊस पाहायला का गेलो, ते सांगतो. माझे आजोबा, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. जून लागला की ते विचारायचे, ‘लोणावळ्याला पाऊस आहे का?’ गावाकडच्या शेताची चौकशी नंतर. मला वाटायचं, म्हातारा भ्रमिष्ट झालाय. मोठेपणी कळलं की प्रश्न बरोबर होता. आधी मुंबईच्या गिरण्या कोळशावर, वाफेवर चालत. १९१५ साली टाटांचं खोपोलीचं वीजघर सुरू झालं. लोणावळा, वळवण, शिरवटा या तलावांत चार महिन्यांचा पाऊस साठवायचा, तो नळांतून दीड हजार फुटांहून अधिक खाली सोडायचा, त्यावर चक्रं फिरवायची आणि वीज तारांवरून मुंबईला आणायची. १९२२ साली भिवपुरीचं वीजघर आलं, १९२७ साली भिऱ्याचं. म्हणजे घाटात पडलेला पाऊस वर्षभर परळात साच्याला लागायचा. दादांना मजुरी होती ती विणलेल्या कापडाच्या मापावर. साचा थांबला की मजुरी थांबली.

या विजेसाठी मुळशीच्या खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली. तिथल्या शेतकऱ्यांच्या बाजूनं १९२१ पासून सेनापती बापट सत्याग्रहात उभे राहिले, तुरुंगात गेले. गिरण्यांच्या भिंतींना लागून जाणाऱ्या आमच्या तुलसी पाइप रोडला आज त्यांचंच नाव आहे. रस्त्याला नाव देताना कुणी एवढा विचार केला होता की नाही, अल्ला जाणे.

आणि दादरला प्लाझाच्या समोर वीर कोतवाल उद्यान आहे. तिथे मी हजार वेळा बसची वाट पाहिली असेल. ‘कोतवाल गार्डनला भेटू’ म्हणताना कोतवाल कोण, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, लोक भाई म्हणत. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्ये एका नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ज्या डोंगरावर साहेबांनी बंगले बांधले, त्याच डोंगरावर साहेबांची आणि शेठ लोकांची दाढी करणाऱ्याच्या घरात. ते शिकले, वकील झाले. सावकाराच्या पाशातून कर्जतकडचे शेतकरी, आदिवासी सुटावेत म्हणून त्यांनी धान्याचं कोठार काढलं, खेड्यांत शाळा चालवल्या, माथेरानच्या नगरपालिकेतही निवडून गेले. १९४२ साली ते भूमिगत झाले आणि कर्जत-मुरबाडच्या रानात आझाद दस्ता उभा केला. दस्त्याचं मुख्य काम काय, तर मुंबईला वीज नेणारे तारांचे मनोरे पाडायचे. सप्टेंबर ते नोव्हेंबर ते हे करत राहिले. मुंबईचे कारखाने बंद पडले की इंग्रजांच्या युद्धाचा माल थांबेल, हा हिशेब.

तो हिशेब बरोबरच होता. पण तारेच्या दुसऱ्या टोकाला माझे दादा होते, मापावर मजुरी घेणारे. दादा सांगायचे की बेचाळीसच्या त्या दिवसांत रात्रपाळीत वीज जायची, सगळे साचे एका दमात गप्प व्हायचे, आणि जॉबर कंदील घेऊन फिरायचा. दहा जण शिव्या द्यायचे. मग अंधारातून कुणीतरी हळूच ‘वंदे मातरम’ म्हणायचा आणि शिव्या थांबायच्या. दादा कोणत्या बाजूला होते, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्या आठवड्यात घरात एक वेळचं जेवण कमी झालं, हे मात्र आजीनं सांगितलं होतं.

मी गारबट पॉइंटच्या बाजूला गेलो तेव्हा समोर पांढरी भिंत होती. अर्धा तास काही दिसलं नाही. मग ढग फाटला. खाली नेरळ-कर्जतची भातशेतं, चौकोनी आरशांसारखी, आणि पलीकडे भीमाशंकरची काळी रांग, अंगभर धबधबे घेऊन उभी. त्याच रांगेत सिद्धगड. २ जानेवारी १९४३च्या पहाटे पोलिसांनी दस्त्याला तिथे गाठलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील गोळीबारात पडले. भाई तीस वर्षांचे होते. आपलं जन्मगाव त्यांना त्या शेवटच्या मुक्कामावरून दिसत असणार. ढग दोन मिनिटांत पुन्हा मिटला.

परतताना बाजारात चहा प्यायला थांबलो. शेजारी तीन रिक्षावाले बसले होते. भाडं नव्हतं. त्यांतल्या वयानं मोठ्या असलेल्यानं विचारलं, ‘मुंबईला कुठं राहता?’ म्हटलं, ‘भोईवाडा.’ तो हसला. ‘म्हणजे नाव तुमचं, काम आमचं.’ मग त्यानं तळहात दाखवला. मी माझा हात खिशात घातला. ‘ई-रिक्षा आल्या तर बरं की वाईट?’ विचारलं. ‘आम्हाला चालवायला मिळाल्या तर बरं. दुसऱ्याला मिळाल्या तर आम्ही काय ओढायचं?’ म्हणाला.

त्यानंतर काही आठवड्यांतच, ऑगस्ट २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत थांबवण्याचा आदेश दिला. माणसानं माणसाला ओढणं हे माणुसकीच्या प्रतिष्ठेला सोडून आहे, असं म्हटलं, आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी त्यांना ई-रिक्षा द्याव्यात असंही सांगितलं. बातमी वाचली तेव्हा मला न्यायालयाच्या आधी त्या माणसाचा तळहात आठवला.

उतरताना नेरळला लोकल पकडली. दादरला उतरलो तेव्हा रात्र झाली होती, पाऊस चालूच होता. कोतवाल उद्यानाजवळ बसची रांग छत्र्यांखाली उभी होती, प्लाझाचे दिवे ओल्या रस्त्यात पसरले होते. दर वर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर लोक जमतात. पावसात ती वाट अवघड असते. येत्या जानेवारीत जायचं म्हणतोय, गुडघ्यांनी साथ दिली तर.