गुडघा बदलण्याआधी सही कशावर करतो आहोत? संमतीपत्राचा अर्थ समजून घ्या

पाटण तालुक्यातल्या रुग्णाला गुडघा बदलायचा तर सहसा कराड किंवा सातारा गाठावे लागते. दाखल होताना कागदांचा गठ्ठा पुढे येतो आणि घाईत सही होते, अनेकदा मुलाची. प्रत्यक्षात संमती म्हणजे नुसती सही नव्हे.

कायदा काय सांगतो?

समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला. रुग्ण महिलेने फक्त तपासणीसाठी संमती दिली होती. ती भूल दिलेल्या अवस्थेत असताना आईची सही घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले. रुग्ण सज्ञान होती आणि जिवाला तातडीचा धोका नव्हता. त्यामुळे आईची संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. हेच तत्त्व गुडघ्याच्या शस्त्रक्रियेलाही लागू होते. रुग्ण निर्णय घेण्याच्या स्थितीत असेल, तर संमती त्याचीच हवी.

शस्त्रक्रिया कोणती, कशासाठी, फायदा किती, धोके कोणते, पर्याय काय आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे डॉक्टरांनी सांगणे अपेक्षित आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेनुसार ही माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळायला हवी.

सहीपूर्वी काय विचारावे?

* व्यायाम, वजन कमी करणे, औषधे हे उपाय पुरेसे करून झाले आहेत का?
* जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी होणे, सांधा आखडणे, वेदना कायम राहणे यांचा धोका माझ्या बाबतीत किती? मधुमेह असेल तर हा प्रश्न टाळू नये.
* मांडी घालून बसणे, भारतीय पद्धतीचे शौचालय वापरणे, डोंगराची चढ-उतार, भात लावणी यांतले काय जमेल? अनेकांना जमिनीवर बसणे टाळायला सांगितले जाते. घरात आधीच तशी सोय करावी लागते.
* फिजिओथेरपी किती दिवस आणि कुठे? गावाहून दर वेळी कराडला जाणे परवडेल का?

खर्चाचे काय?

कृत्रिम सांध्याच्या किमतींवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत जीएसटी वगळून ५४,७२० रुपये ठरली होती. ही मर्यादा फक्त सांध्याची आहे. शस्त्रक्रिया, खोली, भूल यांचा खर्च वेगळा. त्यामुळे बिलात सांध्याची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक स्वतंत्र मागावा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून मदत मिळेल का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

बॅच क्रमांक का जपायचा?

डेप्यू कंपनीने 'एएसआर' हा कृत्रिम खुबा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला. भारतातही तो अनेकांना बसवलेला होता. अशा वेळी आपल्या शरीरात नेमके काय आहे, हे त्या कागदावरूनच कळते.

गुडघा बदलणे ही बहुतेक वेळा तातडीची शस्त्रक्रिया नसते. कागद घरी नेऊन वाचायला, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला आणि नंतर 'नको' म्हणायलाही रुग्णाला पूर्ण मुभा आहे.