‘वैदर्भी’ : एका संज्ञेचे माहेर

साहित्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत ‘रीती’ हा शब्द दिसला की विद्यार्थ्याच्या लेखणीला एक ठराविक वळण लागते. वैदर्भी, गौडी व पांचाली ही तीन नावे लिहावयाची. पहिलीत समास थोडे, दुसरीत फार, तिसरीत मध्यम, एवढे सांगावयाचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळावयाचे. रस आणि ध्वनी यांच्यावर तासन्‌तास वाद घालणारी मुलेही रीतीपाशी थांबत नाहीत. वर्ध्यात शिकविताना मला याचे नेहमी नवल वाटत आले. धाम नदीच्या काठी वाढलेल्या मुलाने ‘वैदर्भी’ हा शब्द शंभरदा घोकावा आणि त्यात आपल्याच देशाचे नाव आहे, हे त्याच्या मनात एकदाही येऊ नये, याला काय म्हणावे? उपमा कोठली, यमक कोठले, असे कोणी विचारीत नाही. पण वैदर्भी कोठली, हे मात्र विचारता येते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर मोठे मनोरंजक आहे.

सातव्या शतकाच्या सुमारास झालेल्या दंडीने ‘काव्यादर्शा’त वैदर्भ आणि गौड असे वाणीचे दोन मार्ग सांगितले आणि श्लेष, प्रसाद, समता, माधुर्य, सुकुमारता, अर्थव्यक्ती, उदारता, ओज, कांती व समाधी हे दहा गुण वैदर्भ मार्गाचे प्राण मानले. ऊस, दूध आणि गूळ यांच्या गोडीत अंतर असते, पण ते शब्दांत सांगणे सरस्वतीलाही जमणार नाही, अशी कबुलीही त्याने दिली आहे. त्याच सुमाराच्या भामहाला मात्र हा भेदच मान्य नव्हता. वैदर्भ तेवढे चांगले व गौड ते वाईट, असे म्हणणारे लोक मेंढरांसारखे एकामागून एक चालतात, असा त्याचा रोख आहे. याचा अर्थ असा की, या दोघांच्याही आधीपासून ‘विदर्भाकडची वाणी चांगली’ ही समजूत पंडितांत रूढ झालेली होती. शास्त्रकारांनी ती निर्माण केली नाही. त्यांना ती आयती मिळाली.

ती कोठून आली असावी? येथे आपल्याला शास्त्र सोडून इतिहासाकडे वळावे लागते. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात विदर्भावर वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन राज्य करीत होता. त्याची आई प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. या राजाने माहाराष्ट्री प्राकृतात ‘सेतुबंध’ अथवा ‘रावणवहो’ हे रामकथेवरचे महाकाव्य रचले. त्याच्या प्रकरणांना संस्कृत महाकाव्याप्रमाणे ‘सर्ग’ न म्हणता ‘आश्वास’ म्हणतात. असे पंधरा आश्वास त्यात आहेत. विद्यार्थ्यांनी ही संज्ञाही ध्यानात ठेवावी. बाणभट्टाने ‘हर्षचरिता’च्या आरंभी प्रवरसेनाची कीर्ती सेतूवरून सागरापार गेल्याचे म्हटले आहे, आणि दंडीने माहाराष्ट्री प्राकृताची थोरवी सांगताना याच काव्याचा दाखला दिला आहे. विदर्भाच्या दरबाराला वाङ्मयात प्रतिष्ठा होती, याला याहून चांगला पुरावा कोणता हवा? वाकाटकांची दुसरी शाखा वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीमला होती. राजशेखराने साहित्यविद्यावधूचा काव्यपुरुषाशी विवाह त्याच नगरात लावून दिला, आणि वैदर्भीला प्राकृतात ‘वच्छोमी’ म्हणजे वत्सगुल्माची, असे नावही आहे.

प्रवरसेनाच्या उत्तरकालीन ताम्रपटांत त्याच्या राजधानीचे नाव प्रवरपूर असे येते. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी हे प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार होय, असे मत मांडले. १९३८ साली विनोबा पवनारला येऊन राहिले. तेथल्या जमिनीतून ज्या प्राचीन मूर्ती निघाल्या, त्यांत राम-भरत भेटीचे शिल्प आहे. मी ते पाहिले आहे. रामकथेची इतर शिल्पेही तेथे मिळाली, आणि सेतुबंधाच्या कर्त्याने आपल्या राजधानीत रामाचे मंदिर उभारले असावे, हा मिराशींचा तर्क त्यावर उभा आहे. मात्र अलीकडे रामटेकजवळ मनसर येथे झालेल्या उत्खननानंतर प्रवरपूर तेथेच होते, असे काही अभ्यासक मानतात. वर्धेकराला पवनारचा पक्ष प्रिय वाटणे साहजिक आहे. पण प्रिय वाटणे हा पुरावा नव्हे, आणि वाद अजून मिटलेला नाही.

यापुढची गोष्ट मात्र प्रांताभिमानाला थोडी अडचणीची आहे. ज्या राजाच्या दरबारामुळे विदर्भाची वाणी गाजली असे आपण समजतो, त्याचे ‘सेतुबंध’ उघडून पाहावे, तर त्यात लांबलचक समासांची रेलचेल! उलट वैदर्भीचा मुकुटमणी म्हणून ज्याचे नाव घेतात तो कालिदास मूळचा विदर्भाचा होता, असे सिद्ध करता येत नाही. ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे रामटेक, हे मत धरले तरी तेथे यक्ष शापाने येऊन राहिलेला पाहुणाच आहे.

आपल्या जुन्या आचार्यांना ही अडचण ठाऊक होती. काव्याचा आत्मा म्हणून रीतीला सिंहासनावर बसविणारा वामन इ. स. ८०० च्या सुमाराचा, आणि तो काश्मीरचा. दहाही गुण असलेली ती वैदर्भी, असे सांगतानाच त्याने स्पष्ट केले की, त्या त्या देशातील कवींत ती प्रथम आढळली म्हणून ही नावे पडली. देश काव्याला काही देत नाही. रुद्रटाने तर भूगोल बाजूस सारून समासांची मोजणीच केली: समास नाही ती वैदर्भी, दोन-तीन पदांचा समास ती पांचाली, पाच-सात पदांचा ती लाटी, आणि त्यापुढे गौडी. आमच्या प्रश्नपत्रिकेतले उत्तर मुख्यतः येथून आलेले आहे. दहाव्या शतकाच्या सुमाराच्या कुंतकाने नावेही झुगारून दिली. मामेबहिणीशी लग्न करणे हा एखाद्या देशाचा आचार असू शकतो, पण कविता ही तशी देशाचाराची गोष्ट नव्हे, असे तो म्हणतो. त्याच्या मते भेद कवीच्या स्वभावाचा आहे. म्हणून त्याने सुकुमार, विचित्र आणि मध्यम असे तीन मार्ग सांगितले. दंडीपासून कुंतकापर्यंतच्या सुमारे तीन शतकांत एका देशाचे नाव प्रथम गुणाचे, मग मोजमापाचे आणि शेवटी कवीच्या मनाचे नाव होऊ पाहते. संज्ञा अशा वाढतात. त्या कोशात जन्मत नाहीत.

वैदर्भी आपल्या माहेरी कधी परतली का, असे कोणी विचारील. मी त्याला १९३०-३१ सालचे वर्धा दाखवीन. संस्कृत न कळणाऱ्या आपल्या आईची इच्छा मनात धरून विनोबांनी ‘गीताई’ रचली ती येथेच; १९३२ साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रसाद आहे, अर्थव्यक्ती आहे, समासांचा सोस नाही. दंडीचे लक्षण हाती घेऊन पाहावे, तर पुष्कळ गुण मोजता येतील. पण विनोबा जन्मले कोकणात, गागोद्याला, आणि वाढले बडोद्याला! वामनाचे म्हणणे खरे ठरावे, त्याला याहून चांगले उदाहरण आमच्या जिल्ह्यात मला सापडत नाही.

तेव्हा विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच की, संज्ञा पाठ करण्याआधी तिचे गोत्र विचारावे. ती कोणाशी भांडून मोठी झाली, तिच्या अंगावरचे कोणते दागिने सासरचे, कोणते माहेरचे, हे कळले म्हणजे व्याख्या वेगळी पाठ करावी लागत नाही. विदर्भाने वैदर्भीला नाव दिले, हा आपला मान खराच. पण माहेराचा हक्क असतो तो लेकीची विचारपूस करण्याचा. तिच्या संसारावर मालकी सांगण्याचा नव्हे.